धावणाऱ्या आईचा वेळ

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत डॉक्टरांच्या छंदांविषयी एखादा तरी लेख असतोच. कोणी निवृत्तीनंतर पेटी शिकतो, कोणी पक्षी पाहतो, कोणी हिमालयात जाऊन येतो. संपादक मंडळाने या वर्षी मला अर्धमॅरेथॉनविषयी लिहावयास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात असाच एखादा प्रसन्न लेख असावा. विषय मी आनंदाने स्वीकारला. मात्र त्याला छंद म्हणावयास मन तयार होत नाही. घरात शाळेत जाणारी मुले आहेत, दिवसभर दवाखाना आहे, वडीलधाऱ्यांची औषधे आहेत, अशी स्त्री एकवीस किलोमीटर धावण्याचे ठरवते, तेव्हा तिच्या पायांइतकीच तिच्या घराच्या वेळापत्रकाची परीक्षा सुरू होते. या लेखात मला त्या दुसऱ्या परीक्षेविषयी बोलावयाचे आहे.

माझे मत आरंभीच मांडते. ‘मनावर घेतले की वेळ मिळतो’ हे वाक्य आपण आपल्या स्त्री रुग्णांना आणि बालरुग्णांच्या आयांना उठता-बसता ऐकवतो. हे वाक्य अर्धसत्य आहे. वेळ मनातून निर्माण होत नाही; तो कोणाच्या तरी घड्याळातून काढून घ्यावा लागतो. आई धावायला गेली तर तिचा तो तास घरातील कोणी तरी भरून काढतो, किंवा ती स्वतःच झोपेतून कापून देते. तेव्हा आई धावावी असे आपणास खरोखर वाटत असेल, तर उपदेशाऐवजी तिच्या वेळेची व्यवस्था लावणे हे घराचे, आणि आपल्यासारख्या मंडळांचेही, काम आहे.

अर्धमॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर. पूर्ण मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले आणि १९२१ साली ते कायमचे ठरले. त्याचे हे निम्मे. आज जगातील लक्षावधी स्त्रिया हे अंतर धावतात. परंतु फार जुनी नव्हे अशी एक गोष्ट आपण डॉक्टरांनी विशेषतः लक्षात ठेवावयास हवी. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर शर्यत झाली. धावून दमलेल्या काही स्पर्धक शर्यतीच्या शेवटी खाली बसल्या, त्याची वृत्तपत्रांनी भडक वर्णने केली, आणि १९६० पर्यंत ती शर्यत ऑलिंपिकमधून वगळली गेली. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये १९६६ साली बॉबी गिब नोंदणीवाचून धावली. १९६७ साली कॅथरीन स्विट्झर आद्याक्षरे लिहून रीतसर क्रमांक घेऊन उतरली, तेव्हा एका अधिकाऱ्याने तिला भर रस्त्यात ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. तरीही ती अंतर पूर्ण करून आली. त्या शर्यतीत स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७२ मध्ये. ऑलिंपिकमधील स्त्रियांची पहिली मॅरेथॉन १९८४ साली लॉस एंजेलिसला झाली आणि जोन बेनॉइटने ती २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली.

या साऱ्या अडवणुकीमागे जी कारणे दिली जात, ती वैद्यकाच्या भाषेतील होती. गर्भाशय खाली सरकेल, पुढे मुले होणार नाहीत, स्त्रीच्या हृदयाला हा ताण झेपणार नाही, असे सांगितले जात असे. अर्थात त्यामागे पुरावा नव्हता. होते ते आपल्या व्यवसायाचे नाव. म्हणून एखादी तरुण आई आपल्या दवाखान्यात येऊन ‘धावू का?’ असे विचारते तेव्हा उत्तर देताना आपण दुप्पट काळजी घ्यावी, असे मला वाटते. ‘चालत जा, तेवढे पुरे’ हे उत्तर बहुधा तिच्या प्रकृतीकडे पाहून दिलेले नसते, आपल्या सवयीतून आलेले असते.

आपण बडोदेकर आहोत. व्यायाम या विषयावर आपल्याला परक्या देशांतून धडे घेण्याची गरज पडू नये. जुम्मादादांच्या आखाड्याचे नाव आणि प्रा. माणिकरावांची कीर्ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी होती. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ पासून पुढे दहा खंडांत प्रसिद्ध झाला तो याच गावातून. त्या आखाड्यांतील माती आपल्या घरांतील पुरुषांच्या अंगाला लागली. स्त्रियांच्या वाट्याला मात्र व्यायाम आला तो निराळ्या वाटेने, आणि ती वाट विचार करण्यासारखी आहे.

मंगळागौरीची रात्र आठवा. झिम्मा, फुगडी, पिंगा, कोंबडा, आगोटापागोटा. रात्रभर चाललेले ते खेळ पाय, मांड्या, पोट आणि दम या सर्वांची कसोटी पाहतात. आपल्या शहराच्या गरब्याचे तर काय सांगावे? नवरात्राच्या नऊ रात्री येथील हजारो स्त्रिया सलग दोन-तीन तास गोल फिरतात, मध्ये फारशा थांबत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर असतात. तिच्या गुडघ्यांची चिंता कोणी करीत नाही. रात्री बारा वाजता ती घरी आली तर मुलांना कोणी जेवू घातले, असा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण घराने ती सोय आधीच केलेली असते. याचा अर्थ उघड आहे. आपल्या घरांतील स्त्रीच्या शरीरात ताकद आहे आणि तिला मोकळे करण्याची हातोटी घरालाही ठाऊक आहे. फक्त त्यासाठी देवीचे निमित्त लागते. पंचमीच्या रात्री तीन तास सहज मिळतात. साध्या मंगळवारी पहाटे पाऊण तास मागितला की कपाळाला आठ्या पडतात.

याच ठिकाणी मला अर्धमॅरेथॉनचा खरा उपयोग दिसतो. एकवीस या आकड्यात काही जादू नाही. आरोग्यासाठी इतके धावण्याची आवश्यकता नाही, हे डॉक्टर म्हणून मी स्पष्टपणे सांगेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम आणि जोडीला दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम पुरेसा आहे. मग एकवीस किलोमीटरचा खटाटोप कशासाठी? तारखेसाठी. आपल्या कुटुंबांत ज्या गोष्टीला तारीख असते तिला जागा मिळते. मुंजीला तारीख असते, बोर्डाच्या परीक्षेला असते, लग्नाला असते; घर त्या तारखेभोवती आपोआप रचले जाते. ‘जरा फिरून येते’ या वाक्याला तारीख नसते, म्हणून पाहुणा आला, दूधवाला चुकला, मुलाचे प्रोजेक्ट राहिले, की पहिला बळी त्या फिरण्याचा जातो. स्पर्धेचा अर्ज भरला, भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या रविवारी गोल काढला, की तोच व्यायाम घराच्या लेखी एकाएकी कार्य होऊन बसतो.

मी स्वतः पहिली अर्धमॅरेथॉन पंचेचाळिसाव्या वर्षी धावले. थोरली दहावीत होती, धाकटा सहावीत. सासूबाईंनी कॅलेंडरवरील दोन गोल पाहून विचारले होते, ‘‘यातली परीक्षा कुणाची, तिची की तुझी?’’ मी म्हटले, दोघींचीही. त्या हसल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या दुधाची जबाबदारी त्यांनी कोणी न सांगता स्वतःकडे घेतली. डब्याचे काम यजमानांकडे गेले. पहिले पंधरा दिवस मुलांच्या डब्यात रोज बटाट्याची भाजी होती. मुलांनी तक्रार केली, ती त्यांच्यापाशीच केली, आणि भाज्यांची संख्या वाढली. मला त्या शर्यतीला २ तास ४९ मिनिटे लागली. किलोमीटरला साधारण आठ मिनिटे हा वेग कोणाच्या डोळ्यांत भरण्याजोगा नाही. त्यानंतर आजपर्यंत शर्यती अनेक झाल्या, पण दूध आणि डबा ही दोन कामे माझ्याकडे परत आली नाहीत. मला मिळालेल्या पदकांपेक्षा हा फेरफार मला अधिक मोलाचा वाटतो.

आता थोडे गणित. पाच किलोमीटर धावत-चालत पूर्ण करू शकणाऱ्या स्त्रीला अर्धमॅरेथॉनसाठी सोळा आठवडे पुरतात. आठवड्यातून तीन दिवस पाऊण पाऊण तास आणि रविवारी एक लांब पल्ला, जो सहा-सात किलोमीटरपासून हळूहळू सतरा-अठरापर्यंत जातो; दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी करावयाचे. सरासरी धरली तर आठवड्याला साडेचार तास, म्हणजे २७० मिनिटे होतात. या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात; पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे धावण्याचा संपूर्ण आठवडा एका दिवसाच्या घरकामाहून कमी वेळात बसतो. दोघांतील फरक रोजचा २०१ मिनिटांचा आहे. त्यातील चाळीस मिनिटे जरी घरातील पुरुषाने उचलली, तरी सात दिवसांत २८० मिनिटे होतात आणि अर्धमॅरेथॉनचा सराव पूर्ण होऊन वर चहापुरता वेळ उरतो. म्हणून ‘तिला वेळच नाही’ असे म्हणणाऱ्या घराने स्वतःकडे एकदा पाहावे. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातील ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी हालचाल करीत नाहीत असे आढळले. दिवसभर कामाने वाकलेली स्त्री हालचालीत मागे पडते, यात विसंगती वाटते. पण ओट्यापुढे उभे राहणे आणि हृदयाची गती वाढेल असा व्यायाम करणे यांतील अंतर आपण जाणतोच.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न निराळा आहे. ‘‘डॉक्टर, मी बाहेर गेले तर मुलांकडे दुर्लक्ष नाही का होणार?’’ हा प्रश्न विचारताना त्या आईचा आवाज खाली जातो. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एकाही वडिलांनी क्रिकेट खेळायला जाण्यापूर्वी मला तो विचारलेला नाही. आईचे उत्तर मात्र द्यावयास हवे, आणि ते शास्त्राच्या आधाराने द्यावे.

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या मुलांवरील अभ्यासाचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. चार ते सात वर्षे वयाच्या शंभर मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या हालचालींची नोंद उपकरणाने घेतली गेली. ज्यांची आई शरीराने सक्रिय होती ती मुले सक्रिय असण्याची शक्यता दुप्पट होती. वडील सक्रिय असतील तर साडेतीन पट. आणि दोघेही असतील तर जवळजवळ सहा पट. हा अभ्यास लहान आहे आणि कार्यकारणभाव सिद्ध करीत नाही, हे मान्य. तरी पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटे अंगमेहनत करावी असे आपण सांगतो, तेव्हा ते कोणाकडे पाहून शिकतील, याचे उत्तर त्यात सापडते. दुसरी बाब अनुभवाची. पहाटे तासभर नसलेली आई मुलांना जितकी खटकते, त्याहून दिवसभर घरात असून कातावलेली, सतत थकलेली आई त्यांना अधिक बाधते. आई दमून आली, घाम पुसला, न्याहारी केली आणि हसली, हे पाहणारे मूल आईलाही शरीर असते, तिलाही काही जमवायचे असते, एवढे शिकते. मुलींपेक्षा मुलग्यांनी हे शिकण्याची निकड मला अधिक वाटते.

अर्थात याला मर्यादा आहेत. मूल तापाने फणफणले आहे त्या दिवशी लांब पल्ला राहिला तर काही बिघडत नाही. सोळा आठवड्यांत दोन-तीन दिवस बुडणारच, हे धरून चालावे. आणि आपला उत्साह मुलांच्या अंगावर लादू नये. २००६ साली ओडिशात चार वर्षांच्या एका मुलाला पासष्ट किलोमीटर धावावयास लावले गेले आणि देशभर त्याचे कौतुक झाले. पुढे राज्य सरकारने त्याच्या अशा धावण्यावर बंदी घातली. वाढत्या हाडांच्या टोकांवरील कूर्चेला मोठ्या माणसांच्या हौसेची किंमत मोजावी लागू नये. मुलांनी पळावे, लपंडाव आणि खो-खो खेळावा. आईच्या शर्यतीच्या दिवशी रस्त्याकडेला उभे राहून टाळ्या वाजवाव्यात.

वैद्यकीय बाजूकडे वळताना मी दोन टोके टाळू इच्छिते. एक टोक भीतीचे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात एक कोटीहून अधिक धावकांचा जो आढावा घेतला गेला, त्यात अर्धमॅरेथॉनमध्ये हृदय बंद पडण्याचे प्रमाण एक लाखात ०.२७ आढळले, पूर्ण मॅरेथॉनमध्ये १.०१, आणि दोन्ही मिळून स्त्रियांत ते ०.१६ इतके अल्प होते. गुडघे झिजतात ही दुसरी भीती. २०१७ मधील एका एकत्रित विश्लेषणात हौशी धावकांपैकी ३.५ टक्क्यांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला, तर न धावणाऱ्यांत हे प्रमाण १०.२ टक्के होते. स्पर्धात्मक, व्यावसायिक धावकांत मात्र ते १३.३ टक्के होते. बेताने धावणे गुडघ्याचे शत्रू नाही, एवढा निष्कर्ष त्यातून काढता येतो.

दुसरे टोक बेफिकिरीचे. आपल्याकडील आईला बूट विकत घेण्यापूर्वी रक्त तपासावयास सांगा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आपल्या गुजरातेत हे प्रमाण ६५ टक्के आहे. सुखवस्तू घरांतील स्त्रियाही याला अपवाद नाहीत. हिमोग्लोबिन नऊ असलेली स्त्री दोन किलोमीटरमध्ये धापा टाकते आणि ‘मला हे जमणार नाही’ असा निष्कर्ष काढते. वास्तविक तिचा निश्चय पुरेसा असतो, लोह पुरेसे नसते. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, रक्तदाब, साखर, आणि चाळिशीनंतर किंवा घरात हृदयविकार असल्यास हृदयाची तपासणी, एवढे आधी करून घ्यावे.

बाळंतपणानंतर घाई नको. ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रसूतीनंतर किमान तीन महिने धावणे सुरू करू नये, आणि त्यानंतरही ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सक्षम झाले आहेत याची खात्री करून घ्यावी. धावताना, शिंकताना थेंब थेंब लघवी होते ही तक्रार स्त्रिया लाजेने सांगत नाहीत; आपण विचारले पाहिजे, कारण तिच्यावर उपाय आहे. स्तनपान करणाऱ्या मातांना मी विशेष धीर देते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत बारा आठवडे नियमित व्यायाम करणाऱ्या मातांच्या दुधाचे प्रमाण, दुधातील घटक किंवा बाळाचे वजन यांवर काहीही परिणाम दिसला नाही. बाळाला पाजून निघावे, चांगल्या आधाराची अंतर्वस्त्रे वापरावीत, आणि ‘दूध आंबते’ ही आजीबाईंची समजूत आदरपूर्वक बाजूला ठेवावी. खाण्यात मात्र काटकसर करू नये. वजन उतरवण्याच्या हट्टाने अर्धपोटी धावणाऱ्या स्त्रीची पाळी अनियमित होते आणि हाडे विरळ होतात. पाळी चुकू लागली तर ते थांबण्याचे चिन्ह समजावे. पाणीही तहान लागेल तसे प्यावे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम उतरलेले होते, आणि त्याचे प्रमुख कारण जास्त प्यायलेले पाणी हे होते.

एका प्रश्नाकडे आपली सुशिक्षित मंडळी सहसा पाहत नाहीत, तो येथे मांडणे मला आवश्यक वाटते. आपण पहाटे साडेपाचला कमाटीबागेकडे निघतो तेव्हा आपल्या घरी पोळ्या करणाऱ्या बाई आपल्या आधी उठून, स्वतःच्या मुलांना झोपेत सोडून निघालेल्या असतात. माझा व्यायामाचा तास दुसऱ्या आईच्या झोपेतून आलेला असेल, तर त्याला मी वेळेची व्यवस्था म्हणणार नाही. आम्ही सरावाच्या काळात बाईंची वेळ पुढे ढकलली आणि सकाळचे काम घरातच वाटून घेतले. त्यांचा पगार तोच ठेवला. प्रत्येक घराची सोय वेगळी असेल, पण हा हिशेब प्रत्येकाने मांडावा. बारामतीच्या लता भगवान करे साठी ओलांडल्यावर नऊवारी लुगड्यात, अनवाणी पायांनी स्पर्धेत धावल्या त्या पतीच्या उपचारांचा खर्च भागावा म्हणून. २०२० साली त्यांच्यावर मराठी चित्रपटही आला आणि त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. चांगले बूट आणि मनगटावर घड्याळ बांधून धावणाऱ्या आपण सर्वजणींनी त्यांचे नाव घेताना स्फूर्तीच्या जोडीला या देशात औषधासाठी धावावे लागते याचाही विचार करावा. डॉक्टरांनी तर करावाच.

आता मंडळाकडे काही मागणे मागते. आपल्या सभासदांत पती-पत्नी दोघेही डॉक्टर असलेली कित्येक घरे आहेत. रविवारी सकाळी नऊपर्यंतच्या तातडीच्या रुग्णांची जबाबदारी तीन-चार घरांनी आळीपाळीने वाटून घेतली, तर प्रत्येक घराला महिन्यातून तीन रविवार मोकळे मिळतात. दुसरे असे की, एकट्या स्त्रीला अंधारात रस्त्यावर धावताना कुत्र्यांची, भरधाव वाहनांची आणि वाईट नजरांची भीती असते. ती खरी आहे आणि तिला उपदेशाने उत्तर देता येत नाही. चार-पाच जणींच्या गटाने देता येते. असा गट मंडळाने जमवावा, आणि त्यात सभासदांच्या पत्नी, परिचारिका, स्वागतकक्षात बसणाऱ्या मुली या सर्वांना घ्यावे. तिसरे, सरावाच्या वेळी लहान मुलांना मंडळाच्या सभागृहात दोन तास सांभाळावे. ते काम मंडळातील निवृत्त आजोबांनी करावे, अशी माझी विशेष विनंती आहे; गोष्टी सांगण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही आणि त्यांनाही सकाळ बरी जाईल. चौथे, आपल्या स्नेहसंमेलनात बटाटेवडे आणि श्रीखंडाच्या जोडीला एक छोटी तीन किलोमीटरची धाव असावी, जीत सासू, सून आणि नात एकाच वेळी निघतील.

आणि दवाखान्यात एक साधी सवय आपण सर्वांनी लावून घ्यावी. लसीकरणासाठी आई बाळाला घेऊन येते तेव्हा आपण बाळाचे वजन, उंची, डोक्याचा घेर नोंदवतो, आईला बाळाच्या झोपेविषयी, दुधाविषयी, शीविषयी विचारतो. त्याच वेळी ‘‘आणि तुमचे काय? तुम्ही दिवसात स्वतःसाठी किती वेळ काढता?’’ हा प्रश्न विचारावयास अर्धे मिनिट लागते. अनेक आया या प्रश्नावर क्षणभर गप्प होतात. सोबत वडील किंवा सासूबाई असतील तर उत्तम. पुढचा प्रश्न त्यांना विचारावा, की हा वेळ तिला कोण काढून देणार? केस पेपरवर या उत्तराची नोंद करावी आणि पुढच्या लसीच्या वेळी तिची विचारपूस करावी.

सर्वच आयांनी अर्धमॅरेथॉन धावावी असे माझे म्हणणे नाही. कोणी पोहेल, कोणी सूर्यनमस्कार घालेल, कोणी जिममध्ये जाईल, कोणाला केवळ निवांत चालावयाचे असेल. जे करावयाचे त्याला तारीख असावी, घराची संमती असावी आणि त्या वेळेत तिला फोन करून ‘‘मिक्सरचे भांडे कुठे आहे?’’ असे कोणी विचारू नये. आपल्या शहरात दरवर्षी मॅरेथॉन होते. या वेळी अर्ज सुरू झाले की आपापल्या घरातील स्त्रीला तो दाखवावा. आणि तिने तो भरला, तर त्याच संध्याकाळी सर्वांनी मिळून बसून पुढील सोळा आठवड्यांची सकाळची कामे कागदावर वाटून घ्यावीत.